पद्मिनी आणि तिची इंजिने : एका मोटारीच्या अस्सलपणाचा इतिहास

१/ ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ‘प्रीमियर पद्मिनी’ ही मोटार मुंबईच्या टॅक्सीताफ्यातून कायमची बाहेर पडली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी टॅक्सी म्हणून नोंदवलेल्या शेवटच्या पद्मिनीने वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण केली आणि काळ्या-पिवळ्या रंगातील एक पर्व संपले. खासगी मालकांकडे मात्र पद्मिनी अजून आहेत. बंगल्याच्या पोर्चमध्ये, सोसायटीच्या कोपऱ्यात, गावाकडच्या गोठ्याशेजारी त्या उभ्या आहेत. आणि त्यांतल्या काहींची घरच्या गॅरेजमध्ये नव्याने उभारणी चालू आहे.

२/ अशी उभारणी हाती घेणाऱ्या प्रत्येकापुढे एक प्रश्न उभा राहतो. मूळ इंजिन दुरुस्त करावे, की ते उतरवून दुसऱ्या गाडीचे बसवावे? शौकिनांत यावरून तीव्र मतभेद आहेत. एका पक्षाला इंजिनबदल ही गाडीची विटंबना वाटते. दुसऱ्याच्या मते गाडी रस्त्यावर चालती ठेवणे हाच तिचा खरा सन्मान. या वादात एक गोष्ट सहसा निसटते. पद्मिनीचे सारे आयुष्य इंजिनांच्या अदलाबदलीतच गेले आहे. तो इतिहास क्रमाने पाहिला, तर ‘अस्सल’ या शब्दाचा अर्थ वाटतो तितका सोपा राहत नाही.

३/ आरंभ इटलीतील तुरिन शहरात होतो. १९३७ साली फियाट कंपनीने ‘५०८ सी’ ही नवी छोटी मोटार बाजारात आणली. तिच्या आराखड्यात दान्ते जिआकोझा या तरुण अभियंत्याचा मोठा वाटा होता. तिच्या चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर होती. यातून एकूण क्षमता आली १०८९ सीसी. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण तो पुढे साठ वर्षांहून अधिक काळ टिकणार होता.

४/ दुसरे महायुद्ध संपले आणि युरोपात मोटारींची रचना झपाट्याने बदलली. १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने नवी ‘११००/१०३’ सादर केली. जुन्या गाडीत स्वतंत्र चासीवर बॉडी बसवलेली असे. नव्या गाडीत बॉडी हाच सांगाडा होता. फरशीचा पत्रा, खांब, छप्पर मिळून सारा भार पेलत. इटालियन लोक तिला ‘मिल्लेचेंतो’, म्हणजे नुसते ‘अकराशे’ म्हणत. शरीर पूर्णपणे नवे होते. पण बॉनेटखाली त्याच ६८ बाय ७५ मापाचे, युद्धपूर्व घराण्यातले इंजिन होते.

५/ इकडे भारतात मोटारींचा कारखाना काढण्याचे स्वप्न वालचंद हिराचंद पाहत होते. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या या उद्योजकाने जहाज आणि विमान या दोन्ही क्षेत्रांत परकीय मक्तेदारीला आव्हान दिले होते. १९४४ साली त्यांनी ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ची स्थापना केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. या मोठ्या अमेरिकी गाड्या सामान्य शहरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. छोट्या मोटारीसाठी कंपनीने फियाटशी हातमिळवणी केली.

६/ १९५३ सालच्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारने धोरण स्पष्ट केले. केवळ परदेशी सुटे भाग जोडून गाड्या विकणाऱ्यांना यापुढे स्थान नव्हते. ज्यांना भागांचे उत्पादन भारतात करायचे असेल त्यांनीच थांबावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली. पन्नाशीच्या दशकातली तिची गोल, गुबगुबीत ११०० महाराष्ट्रात ‘डुक्कर फियाट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. या नावात तुच्छता नव्हती. घरातल्या माणसाला ठेवावे तसे ते टोपणनाव होते.

७/ १९६४ साली कुर्ल्यात सरळ रेषांची ‘११०० डी’ सुरू झाली. हीच पुढची पद्मिनी. इथे एक महत्त्वाचा निर्णय झाला. इटलीत ११०० डीला १२२१ सीसीचे मोठे इंजिन होते. भारतात मात्र बॉडी नवी आली आणि इंजिन जुने, १०८९ सीसीचेच राहिले. म्हणजे भारतीय ११०० डी जन्मतःच एका प्रकारचा संकर होती. आज जिला ‘मूळ इंजिनाची गाडी’ म्हणतात, तिचे ते मूळ इंजिन तिच्या बॉडीहून पाव शतकाने जुन्या वंशातले आहे.

८/ इटलीत ११०० मालिकेचे उत्पादन १९६९ साली थांबले. कुर्ल्यात ते चालूच राहिले. फियाटबरोबरच्या कराराची मुदत संपल्यावर सत्तरच्या दशकात गाडीवरचे परदेशी नाव गेले. काही काळ ती ‘प्रेसिडेंट’ म्हणून विकली गेली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावावरून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. लोकांच्या तोंडी मात्र ‘फियाट’ हेच नाव राहिले. टॅक्सीला हात करतानाही मुंबईकर फियाटच शोधत असे.

९/ बाहेरचे जग पुढे जात असताना ही रचना कुर्ल्यात का गोठली, याचे उत्तर परवाना-व्यवस्थेत आहे. किती गाड्या बनवायच्या याला परवाना लागे, यंत्रसामग्री आयात करायला परकीय चलन मिळत नसे, किमतीवर सरकारचे नियंत्रण असे. ग्राहक पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहत. जे बनेल ते विकले जाणारच असेल, तर नवी रचना आणण्याची निकड कंपनीला भासत नाही. आणि भासली तरी भांडवल आणि परवानगी कुठून आणणार?

१०/ या कोंडीतून एक अनपेक्षित लाभ झाला. तीस-पस्तीस वर्षे एकच गाडी रस्त्यावर राहिल्यामुळे तिची दुरुस्ती गल्लोगल्ली पोहोचली. पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईच्या ऑपेरा हाऊस परिसरात, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तिचे सुटे भाग मिळत. डेंटर, लेथवरचा टर्नर, बॅटरीवाला, गादी शिवणारा, सगळ्यांना तिची मापे पाठ होती. ज्ञान छापील पुस्तकात नव्हते. ते उस्तादाकडून ‘छोटू’कडे हाताने जात होते.

११/ गाडीची बांधणीही या परंपरेला साजेशी होती. इंजिन पुढे, लांबीच्या दिशेने बसवलेले. गिअरपेटी त्याच्या मागे. तिथून लांब प्रोपेलर शाफ्टने ताकद मागच्या चाकांकडे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. मागे पट्ट्यांच्या स्प्रिंग, चारही चाकांना ड्रम ब्रेक, सुमारे चाळीस अश्वशक्ती. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसे आणि पान्याला सापडे. इंजिन उतरवायला एक चेन-कप्पी, चार माणसे आणि एक दुपार पुरत असे.

१२/ इंजिनांची अदलाबदल केवळ गल्लीतले मिस्त्रीच करत होते, हा गैरसमज आहे. ऐंशीच्या दशकात भारतातल्या कारखान्यांनीही तेच केले. हिंदुस्तान मोटर्सच्या ‘कॉन्टेसा’ची बॉडी ब्रिटिश व्हॉक्सहॉलची होती आणि सुरुवातीचे १४८९ सीसी इंजिन ॲम्बेसेडरचे, पुढे तिला जपानी इसुझूचे इंजिन मिळाले. १९८५ ची ‘स्टँडर्ड २०००’ दिसायला आधुनिक रोव्हर होती, पण तिच्या आत जुन्या ‘व्हॅनगार्ड’ गाडीच्या घराण्यातले इंजिन होते.

१३/ खुद्द प्रीमियरने १९८५ साली ‘११८ एनई’ आणली. बॉडी फियाट १२४ ची, ती बनवण्याचे साचे स्पेनच्या सिआट कंपनीकडचे, आणि इंजिन व गिअरपेटी जपानच्या निस्सानची, ११७१ सीसीची. तीन देशांची ही मोट कुर्ल्यात बांधली गेली. म्हणजे एका कंपनीच्या बॉडीत दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसवणे ही त्या काळात कारखान्याची अधिकृत रीत होती. घरच्या गॅरेजमध्ये तेच केले तर मात्र त्याला ‘जुगाड’ म्हटले जाते.

१४/ याच काळात इंधनाच्या किमतींनी दुसरा रेटा दिला. सरकारी धोरणामुळे डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते. शेती आणि मालवाहतुकीसाठी ठेवलेल्या या सवलतीकडे मोटारमालकांचे लक्ष जाणे स्वाभाविक होते. १९८० च्या सुमारास ॲम्बेसेडर डिझेल इंजिनासह आली; भारतातील पहिली डिझेल मोटार म्हणून ती ओळखली जाते. नव्वदच्या दशकात प्रीमियरने ‘पद्मिनी १३७ डी’ काढली. तिच्यात इटलीच्या एफएनएम कंपनीच्या रचनेचे सुमारे १.३७ लिटरचे डिझेल इंजिन होते.

१५/ ज्यांना नवी डिझेल गाडी परवडत नव्हती त्यांनी जुन्या गाडीचे इंजिन बदलले. टॅक्सीवाल्याच्या दृष्टीने हा साधा हिशेब होता. दिवसाकाठी शंभर-दीडशे किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत इंधनाचा प्रत्येक वाचलेला रुपया घरखर्चात पडतो. त्यामुळे अनेक पद्मिनींतून पेट्रोल इंजिन उतरले आणि डिझेल चढले. याची किंमतही होती. डिझेल इंजिन जड असते आणि अधिक थरथरते. पेट्रोल इंजिनासाठी आखलेल्या बॉडीचे जोड त्याने सैल होत. आवाज वाढला, आणि धूरही.

१६/ हा धूर अखेर न्यायालयात पोहोचला. मुंबईच्या प्रदूषणाविरुद्ध १९९९ साली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. न्यायालयाने व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २००० साली आला. त्यानंतरच्या आदेशांनी जुन्या टॅक्सींना स्वच्छ इंधनाकडे वळणे भाग पाडले. महानगर गॅसच्या पंपांवर काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या लांबच लांब रांगा लागू लागल्या. पद्मिनी आता सीएनजीवर धावू लागली.

१७/ इथे तंत्राचा एक पेच होता. पेट्रोल इंजिनात ठिणगी टाकून इंधन पेटवले जाते, आणि सीएनजीला तीच पद्धत लागते. त्यामुळे पेट्रोल इंजिनाला गॅसचे किट बसते. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतो. तिथे नुसत्या दाबाच्या उष्णतेने इंधन पेटते. म्हणून ज्या टॅक्सीत डिझेल इंजिन बसवले होते, तिला ते उतरवून पुन्हा पेट्रोल इंजिनाकडे यावे लागे, आणि मग त्यावर किट. गॅसच्या टाकीने डिकी व्यापली. प्रवाशांच्या बॅगा छपरावरच्या कॅरिअरवर गेल्या. मुंबईच्या टॅक्सीचे ते सुपरिचित रूप असे घडले.

१८/ म्हणजे एखाद्या टॅक्सीने एकाच आयुष्यात पेट्रोल, डिझेल आणि गॅस अशी तिन्ही इंधने अनुभवली असणे सहज शक्य होते. यातला एकही बदल हौसेपोटी झालेला नव्हता. पहिला भावामुळे, दुसरा न्यायालयाच्या आदेशामुळे. गाडी तीच म्हणायची का, हा प्रश्न टॅक्सीवाल्याला पडला नाही. परमिट तेच, चासी नंबर तोच, स्टिअरिंगवरचा हात तोच. मग गाडीही तीच.

१९/ जगात इतरत्रही इंजिनबदलाच्या अशाच दोन वाटा दिसतात. महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी जुन्या फोर्डच्या हलक्या बॉडीत आठ सिलिंडरची इंजिने बसवून ‘हॉट रॉड’ घडवल्या. ती वेगाची हौस होती. क्यूबात क्रांतीनंतर अमेरिकी व्यापारबंदी आली, सुटे भाग मिळेनासे झाले, आणि हवानाच्या रस्त्यांवरील पन्नाशीच्या दशकातल्या शेव्हरोलेंमध्ये सोव्हिएत गाड्यांची इंजिने गेली. ती टंचाईची गरज होती. मुंबईची पद्मिनी हवानाच्या वाटेने चालली. आजची हौशी उभारणी मात्र कॅलिफोर्नियाच्या वाटेवर आहे. वाद समजून घेताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

२०/ आता घरच्या गॅरेजमध्ये येऊ. पद्मिनी उघडल्यावर पहिली झुंज इंजिनाशी नसते, गंजाशी असते. बॉडी हाच सांगाडा असल्यामुळे फरशी, दारांखालचे पट्टे आणि पुढच्या स्प्रिंग बसतात ती जागा कुजली असेल, तर कितीही चांगले इंजिन व्यर्थ आहे. कोकणातल्या आणि मुंबईतल्या खाऱ्या हवेतली गाडी या बाबतीत देशावरच्या गाडीहून अधिक सोसलेली असते. वरून लांबी भरून रंग मारलेला पत्रा टाचणीने टोचून पाहणे हीच खरी पहिली परीक्षा.

२१/ मूळ इंजिन वाचवायचे ठरले, तर वाट परिचित आहे. झिजलेले बोअर मोजायचे, ते मोठे करून वाढीव मापाचे पिस्टन घालायचे किंवा नवे स्लीव्ह ठोकायचे. क्रँक ग्राइंड करून बेअरिंग बदलायची. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे, म्हणून इंजिन एकदा तापले की हेड वाकते आणि गॅस्केट उडते. ते सपाट करून घ्यावे लागते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याच्या जुन्या वर्कशॉपमध्ये हे काम करणारे हात अजून आहेत. अडचण मापाचे पिस्टन आणि चांगले कार्बुरेटर मिळण्याची आहे.

२२/ दुसरे इंजिन घालायचे तर कोणते? रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके ओढते. पद्मिनीत ते उभ्या रेषेत आहे आणि मागची चाके ढकलते. म्हणून मारुती ८०० चे इंजिन तिच्या गिअरपेटीसकट उचलून इथे ठेवता येत नाही. ११८ एनईचे निस्सान इंजिन किंवा मारुती जिप्सीचे १२९८ सीसीचे इंजिन जुळते, कारण त्यांची बैठक लांबीच्या दिशेने आहे. तरीही फाउंडेशन नवे, प्रोपेलर शाफ्टची लांबी वेगळी, रेडिएटर मोठा, वायरिंग नवे.

२३/ या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित भाग ब्रेकचा. जिप्सीच्या नंतरच्या, इंजेक्शनच्या इंजिनाची ताकद पद्मिनीच्या मूळ ताकदीच्या जवळजवळ दुप्पट आहे. गाडी ज्या वेगाला आता सहज पोहोचते, त्या वेगावरून थांबण्यासाठी चार ड्रम आखलेलेच नव्हते. उतारावर वारंवार ब्रेक दाबले की ड्रम तापतात आणि पकड सुटत जाते. घाटरस्त्यांच्या प्रदेशात हा जिवाशी खेळ आहे. म्हणून जाणता कारागीर आधी ब्रेक आणि स्टिअरिंग पाहतो, इंजिनाला शेवटी हात घालतो.

२४/ मूळ इंजिनाच्या पक्षासमोरही नवी अडचण आहे. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि बुचाची गॅस्केटे खाते, पाणी शोषून घेते, आणि उभ्या गाडीची टाकी आतून गंजवते. १९३७ च्या घराण्यातल्या इंजिनाला आजच्या इंधनावर चालवायचे, तर पंपातले पडदे, नळ्या, कार्बुरेटरचे जेट बदलणे आले. म्हणजे ‘जसेच्या तसे’ ठेवायचे ठरवले तरी काही ना काही बदलावेच लागते.

२५/ मग येतो कायदा. नोंदणी प्रमाणपत्रावर चासी नंबराबरोबर इंजिन नंबरही असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मान्य किट बसवण्याची मुभा त्याच कलमात आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बंधनावर शिक्कामोर्तब केले. परिणाम विलक्षण आहे: पद्मिनी विजेवर चालवण्याला कायद्यात वाट आहे, पण तिच्यात जिप्सीचे पेट्रोल इंजिन बसवण्याला नाही.

२६/ जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली, आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी यासाठी पात्र ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरपट्टी मिळते. प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल यांसाठी ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नाही. पद्मिनी या नावाने विकल्या गेलेल्या पहिल्या गाड्या २०२४ पासून या उंबरठ्यावर पोहोचू लागल्या.

२७/ खरा पेच इथे आहे. १९९९ साली नोंदवलेली पद्मिनी २०४९ साली पन्नाशीची होईल. आज तिचे इंजिन बदलले तर ती आणखी पंचवीस वर्षे धावू शकेल, पण त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने ती ‘जपलेली’ नसेल. आज मूळ इंजिन राखले तर भागांच्या टंचाईत ती उभीच राहण्याचा धोका. आणि उभी राहिलेली गाडी गंजाने संपते. एका वाटेवर गाडी उरते आणि मान्यता जाते, दुसऱ्या वाटेवर मान्यता मिळेपर्यंत गाडीच उरेल याची खात्री नाही.

२८/ कायद्याच्या बाजूलाही तथ्य आहे. दुप्पट ताकदीचे इंजिन आणि जुने ब्रेक यांची जोडी रस्त्यावरच्या इतरांना धोक्याची आहे, आणि इंजिन नंबराची नोंद चोरीच्या गाड्या ओळखण्याचे साधन आहे. पण ‘मूळ स्वरूप’ ही कसोटी असे गृहीत धरते की गाडी कारखान्यातून निघाली तो क्षणच तिचा खरा क्षण. मुंबईच्या टॅक्सीला ही कसोटी लावली, तर जिने शहर वाहिले तिचाच इतिहास ‘फेरफार’ म्हणून बाद होतो, आणि शेडमध्ये झाकून ठेवलेली एखादी गाडी तेवढी अस्सल ठरते.

२९/ म्हणून काही अनुभवी कारागीर मधली वाट धरतात. शक्य तोवर त्याच जातीचे इंजिन शोधायचे आणि त्याचा नंबर परिवहन कार्यालयात रीतसर नोंदवून घ्यायचा. काहीही नवे जोडताना मूळ पत्रा कापायचा नाही. नटबोल्टने बसेल आणि उद्या निघेल अशीच जोडणी करायची. उतरवलेले इंजिन भंगारात न घालता तेल लावून, प्लगची भोके बुजवून, फळीवर ठेवून द्यायचे. आणि काय काढले, काय घातले, केव्हा व का, हे वहीत लिहून ठेवायचे. निर्णय आजचा असतो, पण तो फिरवण्याची सोय पुढच्या पिढीसाठी राखता येते.

३०/ शेवटची टॅक्सी थांबली तेव्हा किमान एक पद्मिनी संग्रहालयात जपावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेकडून झाली होती. ती पूर्ण झाली, तर कोणती पद्मिनी ठेवायची हे ठरवताना याच प्रश्नाला सामोरे जावे लागेल. चकचकीत, कारखान्याच्या रंगातली, पहिल्याच इंजिनाची? की डिकीत गॅसची टाकी, छपरावर कॅरिअर आणि बॉनेटखाली तिसरे इंजिन असलेली? पहिली गाडी कुर्ल्यात काय बनत होते ते सांगेल. दुसरी गाडी त्या वस्तूचे लोकांनी पुढे काय केले, आणि का करावे लागले, ते सांगेल. दोन्ही इतिहास खरे आहेत. मात्र दुसऱ्याचे पुरावे रोज भंगारात जात आहेत.

(समाप्त)